(३, ५) म्हणजे नक्की काय?

प्रश्न : बी.एस्सी.च्या वर्गासाठी मी लॅटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नोट्स लिहून त्यांची पीडीएफ देते. एक दृष्टिहीन विद्यार्थी त्या स्क्रीन रीडरवर ऐकतो. सारणीचा (मॅट्रिक्सचा) परिवर्त, म्हणजे ओळींचे स्तंभ करून मिळणारी सारणी, त्याला कधी ‘ए घात टी’ ऐकू येतो, कधी नुसतं ‘ए टी’. काय करावं?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : बाई, यात स्क्रीन रीडरला बोल लावू नका. तुम्ही ए लिहिलात आणि त्याच्या डोक्यावर बारीक टी ठेवलात. हा परिवर्त आहे, असं फाइलमध्ये कुठेच म्हटलेलं नाही. आम्हा अक्षरजुळणीवाल्यांना टी जागेवर बसला की काम झालं असं वाटतं. डोळसांचं भागतंही तेवढ्यावर. पण (३, ५) म्हणजे काय? प्रतलावरचा बिंदू, ३ आणि ५ मधला खुला अंतराल, की संख्या सिद्धांताच्या पुस्तकातला मसावि? साइनच्या डोक्यावर २ असला तर वर्ग, त्याच जागी उणे १ असला तर व्यस्त फल! छपाईत हे सगळं खपतं.

त्यामुळे अर्थ लिहितानाच नोंदवायचा. लॅटेकमध्ये ‘ट्रान्स्पोज’, ‘मसावि’, ‘अंतराल’ अशा नावांचे स्वतःचे मॅक्रो, म्हणजे स्वतः ठरवलेल्या आज्ञा, करा आणि नोट्समध्ये तेच वापरा. छापील पान तसूभरही बदलणार नाही. मात्र नुसतं नाव दिल्यानं मॅक्रो बोलू लागत नाही. लॅटेकएमएलसारख्या साधनानं लॅटेकच्या फाइलमधून पीडीएफऐवजी एचटीएमएल, म्हणजे वेबपान, काढताना, कोणत्या मॅक्रोचा अर्थ काय, हे त्याला वेगळ्या फाइलमध्ये एकदा सांगावं लागतं. हे काम किचकट आहे. कॉलेजातल्या संगणक विभागातलं कुणी तरी गाठा.

एचटीएमएलमध्ये गणित मॅथएमएल या गणिताच्या खूणभाषेत येतं. १९९८ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात दोन तऱ्हा आहेत : एक मांडणी सांगते, दुसरी अर्थ. दुसरीत परिवर्त, निश्चयक (डिटर्मिनंट), मसावि यांना स्वतंत्र खुणा आहेत, पण ब्राउझर दाखवतात ती पहिलीच. म्हणून आता मॅथएमएल ४ मध्ये मांडणीलाच ‘इंटेंट’ नावाची अर्थाची चिठ्ठी जोडायची सोय येते आहे. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरबरोबर चालणारं, गणित बोलून दाखवणारं मॅथकॅट ती वाचतं. माझ्या मते तुमच्यासाठी हाच रस्ता बरा.

कल्पना नवी नाही. पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित शिकलेले दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ टी. व्ही. रामन यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली पीएच.डी.साठी ‘ॲस्टर’ ही प्रणाली केली. ती लॅटेकची मूळ फाइल घेऊन गणित बोलून दाखवायची, आणि लेखकानं स्वतः केलेला मॅक्रो कसा वाचायचा हेही तिला शिकवता यायचं.

सगळ्या जुन्या नोट्स उपसत बसू नका. सारण्यांचं एक प्रकरण करा आणि त्या विद्यार्थ्यालाच ऐकायला द्या. दोन उभ्या रेघांमधला ए कुठे निश्चयक आणि कुठे केवल मूल्य, हे त्याला नीट ऐकू आलं की पुढचं प्रकरण घ्या.