बाराखडी पाठ आहे पण वाचता येत नाही

तुम्ही लिहिलंय की लेक साडेचार वर्षांची आहे, बाराखडी घडाघडा म्हणते पण "कप" लिहून दाखवलं की गप्प बसते, तर क्लास लावू का. आत्ता अजिबात नको. मी 9 वर्षं बालवाडीत शिकवलं आणि तरी मोठीच्या वेळी भिंतीवर तक्ता लावून रोज पाठांतर घ्यायचे, तर काय झालं, "क" वर बोट ठेवलं की ती "कमळ" म्हणायची. तिच्यासाठी ते चित्राचं नाव होतं, आवाज नव्हता.

म्हणून आधी कान. भाजी निवडताना विचारा, ग ने काय काय सुरू होतं? गवार, गाजर, गूळ, गहू. टाळ्या वाजवत शब्द तोडा, भा-क-री. पंधरा दिवस एवढंच, पेन्सिल काढूच नका.

मग अक्षरं, पण तक्त्याच्या क्रमाने नकोत. ग म भ न हा क्रम हाताला वळण लागायला छान आहे, वाचायला मात्र मी क, म, न, र, ग ही पाच आणि सोबत काना घेते. एवढ्यातच बघा, काका, मामा, नाक, कान, मान, राग, गार, मका, मगर, कमान. पहिल्याच आठवड्यात पोर खरा शब्द वाचतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तुमची लेक अडतेय ते जोडण्यात. आपण बोलताना "कप" मधला प अर्धाच म्हणतो आणि शिकवताना मात्र क... पऽ असं सुटं सुटं म्हणतो, मग तिला त्यात कप ऐकूच येत नाही. क लांबवा, कऽऽप, आणि आवाजाबरोबर बोट सरकवा, मध्ये थांबू नका.

वेलांटीत दुसरी आधी घ्या, काकी, मामी, कमी. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, त्यात लहान मुलं हमखास गोंधळतात. आणि चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा, हे आत्ता समजावत बसू नका, शब्द ओळखीचा असेल तर तोंडात आपोआप बरोबर येतो.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा. धाकट्याने एकदा रव्याचा डबा धरला आणि म्हणाला, आई यावर "खा" लिहिलंय! मी र आणि व चिकटून लिहिले होते, त्याला ख दिसला. मी त्याला रागावले नाही, खूप आनंद झाला मला, कारण तो आठवून सांगत नव्हता, बघून वाचत होता. चिठ्ठी मात्र बदलली, दोन अक्षरांत अंतर ठेवून.

शेजारची मुलं वाचतात म्हणून घाबरू नका. 2020 च्या शिक्षण धोरणात 3 ते 8 वर्षं हा सगळाच पायाचा टप्पा धरलाय, आणि निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत समजून वाचता येण्याचं ध्येय तिसरीच्या शेवटी आहे, ज्युनियर केजीत नाही.

दिवसाला 10 मिनिटं खूप झाली, ती उठून गेली तर जाऊ द्या. रात्रीची गोष्ट मात्र चुकवू नका, ओळीखाली बोट फिरवत वाचा, तेच पुस्तक वीस वेळा मागितलं तरी वाचा, त्यात तिला पुढचा शब्द माहीत असतो म्हणून ती अक्षरांकडे नीट बघते.

जोडाक्षरं वर्षभर तरी नकोत. तिच्या नावातच एखादं असेल तर तेवढं शिकवा, स्वतःचं नाव ती कशीही करून वाचेल.