पेसमेकर असताना 'एएफ'मुळे स्ट्रोक येऊ शकतो का? रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल का?

वडील ७६ वर्षांचे, चार वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला, परवाच्या चेकिंगमध्ये 'एएफ' (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बिघडलेले ठोके) निघालं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आता हिरड्यांतून थोडं रक्त येतंय आणि घरातले म्हणतायत, मशीन आहे तर गोळी कशाला. तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य आमच्या घरात माझा दादा म्हणाला होता, म्हणून लिहायला बसले.

उत्तर आधी देते. स्ट्रोक येऊ शकतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. घाईत असाल तर इथेच थांबा.

आमचं गाव तासगावकडचं, द्राक्षाचं. तिथल्या भाषेत सांगायचं तर पेसमेकर म्हणजे मोटारीचा ऑटो स्टार्टर. वीज गेली, आली, की मोटार पुन्हा चालू करून देतो. पाइपात गाळ साचलाय का, हे बघणं त्याचं काम नाही. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकसायचे सोडून नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक छोटा कोपरा असतो, त्यात रक्त रेंगाळतं आणि गाठ धरते. ती सुटली की बहुतेकदा मेंदूचा रस्ता धरते. मशीन तेव्हाही ठोके नीट मोजत असतं. नाडी धरली तर एकदम नियमित लागू शकते, आणि घोळ इथेच होतो.

आमच्या वडिलांना, अप्पांना, २०१८ मध्ये मिरजेत पेसमेकर बसवला, दोन तारांचा. (तुमच्या वडिलांचाही तसाच असणार. एका तारेचा पेसमेकर खालच्या कप्प्यात असतो, वरचं त्याला दिसत नाही. त्याचा रिपोर्ट कोरा आला म्हणून एएफ नाही असं समजू नये.) २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चेकिंगला नेलं. पेसमेकर कंपनीचा माणूस आला, छातीवर चकती ठेवली, लॅपटॉपसारख्या मशीनवर बघितलं आणि म्हणाला, एएफचा एक एपिसोड सलग सव्वीस तासांचा आहे. डॉक्टरांनी ईसीजी काढला, त्यातही एएफ दिसलं. रक्त पातळ करायची अपिक्साबॅन सुरू केली, सकाळी एक, रात्री एक. मी ठाण्याला परत आले. रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये, कागद प्लॅस्टिकच्या फायलीत, फाइल कपाटावर.

ऑक्टोबर छाटणीत अप्पांनी ऐकलं नाही. वय अठ्ठ्याहत्तर, तरी कात्री घेऊन बागेत. बोट कापलं. अर्धा तास रक्त थांबेना, पंचा भिजला. दादा घाबरला, आणि घाबरला ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच रात्री त्याने गोळीची पाकिटं उचलून ठेवली. "मशीन हाय की. हे रगत पातळ करून आणि काय मिळणार?" डॉक्टरांना फोन नाही, मला फोन नाही.

अप्पा गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खात होते, हे मला खूप नंतर कळलं. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर असल्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो. बंद करायची होती ती डायक्लोफिनॅक. ती चालूच राहिली. बंद झाली दुसरीच.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी सातच्या सुमाराला अप्पांच्या हातातून चहाचा कप पडला. तोंड उजवीकडे ओघळलं, उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी निदान केलं, अंगावरून वारं गेलं. लकव्याचं औषध देणारा एक माणूस तीस किलोमीटरवर आहे, आधी तिकडे नेलं. तिथे रांग होती. मिरजेला पोचले तेव्हा दोन वाजत आले होते.

पुढचं मला वहिनीने सांगितलं, दादाने नाही. डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली? दादा म्हणाला, "बंद हाय. पाच-सहा आठवडे झाले." वहिनी म्हणते, हे तो अशा आवाजात म्हणाला की जणू चांगलंच केलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ते का विचारतात ते ऐका. मेंदूतली गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि गेल्या दोन दिवसांत असली गोळी पोटात गेली असेल तर ते सहसा देत नाहीत. दादाला हे वाक्य सापडलं आणि ते तो आजतागायत वापरतो: "गोळी बंद होती म्हणून तर इंजेक्शन देता आलं असतं." आलं असतं. सात तास झाले नसते तर. (तारेने गाठ ओढून काढायचा उपाय काही निवडक पेशंटना चोवीस तासांपर्यंत करतात, पण तो सगळीकडे होत नाही. आम्हाला मिळाला नाही.) पेसमेकर जुन्या पद्धतीचा, एमआरआयला न चालणारा, त्यामुळे सीटीवर भागवलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस पुन्हा आला, पुन्हा चकती. मशीनमध्ये तारीख-वेळेसकट सगळं होतं: स्ट्रोकच्या दोन दिवस आधी संपलेला एपिसोड, एकतीस तास. छातीत बसून हिशोब लिहीत होतं बिचारं. वाचायला कुणी नव्हतं.

२०२३ मध्ये दादाने मला व्हॉट्सअॅपवर एक बातमी पाठवली, खाली एकच वाक्य: "बघ, गोळीचा उपयोग नाही असंच निघालं." तो नोआ नावाचा अभ्यास. फक्त पेसमेकरसारख्या यंत्रातच एपिसोड सापडलेल्या लोकांना एडोक्साबॅन, म्हणजे तसलीच रक्त पातळ करायची गोळी, दिली, तर स्ट्रोक फारसे कमी झाले नाहीत, रक्तस्राव वाढला. अभ्यास मुदतीआधी थांबवला. खरी बातमी आहे. पण ज्यांच्या ईसीजीत एएफ दिसलंय त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. अप्पांच्या ईसीजीत दिसलं होतं. दादा, हे तू वाचणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

त्याच वर्षी आर्टेसिया नावाचा अभ्यास आला, ४,०१२ लोकांचा. सहा मिनिटं ते चोवीस तासांचे एपिसोड असलेल्यांना अपिक्साबॅन किंवा अॅस्पिरिन. अपिक्साबॅनवाल्यांत वर्षाला हजारी साधारण आठ स्ट्रोक, दुसरीकडे बारा. आणि मोठा रक्तस्राव त्याच क्रमाने हजारी सतरा विरुद्ध नऊ. म्हणजे छोट्या एपिसोडवाल्यांत गोळी घ्यायची की नाही, हा डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवायचा खरोखरचा प्रश्न आहे. तुमच्या वडिलांचं एएफ किती वेळ टिकलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अडलंय. त्याआधीच्या असर्ट अभ्यासात धोका ठळकपणे वाढलेला दिसला तो चोवीस तासांपेक्षा लांब एपिसोड असलेल्यांत. बाकी वय, बीपी, शुगर, हार्ट फेल्युअर, आधी झालेला स्ट्रोक ह्यांचे धोक्याचे गुण मोजतात. पंचाहत्तरीपुढच्या वयाचेच दोन मिळतात, तुमच्या वडिलांना ते मिळालेच आहेत. अप्पांचे चार होते.

अॅस्पिरिनबद्दलही एकदा बोलून टाकते, कारण दादाने मधल्या काळात 'ती जड गोळी नको, ही साधी चालेल' म्हणून अॅस्पिरिन द्यायचा विचार केला होता. एएफमधल्या गाठीसाठी अॅस्पिरिन फारशी कामाची नाही. २०११ च्या अॅव्हरोज अभ्यासात अपिक्साबॅनने तिच्यापेक्षा निम्म्याहून जास्त स्ट्रोक टाळले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. साधी गोळी म्हणून जी देतात ती ना साधी, ना उपयोगाची. अॅन्जिओप्लास्टी वगैरे झाली असेल तर ती वेगळ्या कारणाने चालू असते, ती उगाच काढू नका.

हिरड्यांचं म्हणाल तर मऊ ब्रश आणि दाताचा डॉक्टर. दात काढायचा असेल तर गोळी किती वेळ थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. अपिक्साबॅनसारख्या गोळीचा परिणाम दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे 'आठवडाभर बंद ठेवू' असं कुणी सहज म्हणालं तर तो आठवडा उघड्यावर काढल्यासारखा आहे. संडास काळी होणं, लघवीत रक्त, डोक्याला मार लागणं, ह्यात मात्र वाट बघू नका. लगेच दवाखाना.

आणखी एक राहिलं. धातूची झडप बसवलेली असेल किंवा संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल तर अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या देत नाहीत. तिथे रक्त पातळ करायच्या जुन्या गोळ्या, वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) बघत. मेथी-पालक बंद करायची गरज नसते, रोजच्या खाण्यात एकदम फेरबदल नको इतकंच.

मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. अप्पांचा स्ट्रोक त्या एकतीस तासांमुळेच आला हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बीपी होतं, शुगर होती, मानेतल्या शिरांत चरबी होती. दादा हेही म्हणतो आणि इथे तो चूक नाही. मीही रोज फोन करून 'जेवलात का' विचारायचे, 'गोळी घेतली का' कधी विचारलं नाही. आता दादाच रोज आठ आणि आठला गोळी अप्पांच्या तळहातावर ठेवतो आणि गिळेपर्यंत उभा राहतो. अप्पांना शब्द नीट सापडत नाहीत. पाणी हवं असलं तरी 'कात्री' म्हणतात. दादा पाणी देतो.

पुढच्या चेकिंगला पेसमेकर कंपनीच्या माणसाला दोनच गोष्टी विचारा: सगळ्यात लांब एपिसोड किती तासांचा आणि कुठल्या तारखेचा. प्रिंट मागून घ्या. आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत न्या, वडिलांचं वजनही करून न्या. गोळीचा डोस ठरवताना वयाबरोबर हे दोन्ही बघतात.