पिकअपच्या हौद्याचा पत्रा गंजून भोकं पडलीत. पुट्टी भरून रंगवू की पत्रा बदलू?

पुट्टी अजिबात भरू नका. आतला गंज तसाच राहतो आणि एका पावसाळ्यात रंगाला फुगे येतात. माझ्या गाडीत मासळीच्या बर्फाचं खारं पाणी फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेच्या, बिजागरीपाशी साचायचं. रंग वरून चकचकीत होता, पण बोटाने दाबलं तर पत्रा पापडासारखा मोडला.

आधी रबर मॅट काढा आणि हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बद्द आला तर तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा. गाडीखाली शिरून हौद्याच्या आडव्या पट्ट्याही बघाच. त्या गंजाने खाल्लेल्या असतील तर वरचा नवा पत्रा टिकणार नाही, हे बरेच मिस्त्री सांगत नाहीत.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. डिझेलची टाकी जवळ असेल तर जास्तच जपा. जोड घासून त्यावर झिंक प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), सांध्यात पाणी अडवणारं सीलंट आणि मग रंग. खालच्या बाजूलाही मारून घ्या.

आणि हो, पाणी निघायची भोकं रंगाने बुजली नाहीत ना, हे गाडी ताब्यात घेताना बादलीभर पाणी ओतून तिथेच बघा.