दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू किती?

प्रश्न : एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ३३ चा वर्ग १०८९ असल्याने एक गुंठ्याच्या चौरस जागेची बाजू बरोबर ३३ फूट येते. दोन गुंठ्यांचे २१७८ चौरस फूट होतात, पण ही पूर्ण वर्ग संख्या नाही. शाळेतल्या भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढायला बसलो, तर बाकी शून्य होतच नाही. हा भागाकार संपतो कुठे? आणि प्रत्येक पायरीला आलेल्या उत्तराची दुप्पट का करायची?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण दुपटीचे कारण न सांगता ही रीत पाठ करून घेतली जाते आणि म्हणूनच ती विसरली जाते. २१७८ चे उजवीकडून जोड पाडले की २१ आणि ७८ मिळतात; २१ मध्ये ४ चा वर्ग मावतो, म्हणजे बाजू निदान ४० फूट आहे. ४० फुटांचा चौरस काढून घेतल्यावर ५७८ चौरस फूट उरतात. बाजू आणखी ब फुटांनी वाढवायची, तर या चौरसाच्या दोन कडांना ४० फूट लांबीची एकेक पट्टी आणि कोपऱ्यात ब बाजूचा लहान चौरस जोडावा लागतो. पट्ट्या दोन असतात, म्हणूनच दुप्पट. आता ८० अधिक ब याला ब ने गुणून ५७८ च्या आत राहायचे आहे; ८७ × ७ = ६०९ जास्त होतात, ८६ × ६ = ५१६ बसतात, म्हणून पुढचा अंक ६. बाकी ६२ उरते, तिच्यापुढे दोन शून्ये घेऊन याच रीतीने दशांश स्थळे काढत जायचे. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयातही वर्गमूळाच्या दुपटीने भागण्याचा हाच नियम आहे.

भागाकार मात्र कुठेच संपणार नाही. २१७८ = २ × ३² × ११² असे अवयव पडतात; वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा आणि इथे २ एकदाच आला आहे, त्यामुळे हे वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे ते कोणत्याही अपूर्णांकाने नेमके लिहिता येत नाही.

प्रत्यक्ष आकडेमोडीसाठी मी सरासरीची रीत सुचवेन. बाजू ४७ धरली, तर २१७८ ÷ ४७ = ४६.३४, म्हणजे ४७ फूट लांब आणि ४६.३४ फूट रुंद अशा आयताचे क्षेत्रफळ आपल्याला हवे तेवढेच आहे, फक्त तो चौरस नाही. दोन्ही बाजूंची सरासरी ४६.६७ घेऊन पुन्हा भागले की ४६.६६८१ येतात आणि त्यांची सरासरी ४६.६६९०५ होते, जी पाचही दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. भागाकार पद्धतीत एक अंक चुकला की पुढचे सगळे वाया जाते. इथे मध्येच थोडी चूक झाली, तरी पुढची सरासरी ती सावरून घेते, आणि हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

जागा आखताना ४६ फूट ८ इंच धरावेत. या बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ दोन गुंठ्यांपेक्षा केवळ ३२ चौरस इंचांनी कमी भरते.