शिपायाचा ऑफिसर व्हायचंय? मग आधी हे ऐक

भावा, तुझी दोन वर्षं सर्व्हिस झाली, बारावी पास आहेस, वय २७ च्या आत आहे, म्हणजे एसीसीचा, म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेजमधून लष्करात जवानाचा ऑफिसर होण्याचा, रस्ता तुला मोकळा आहे. अर्ज युनिटमार्फतच जातो, त्यामुळे हेड क्लार्कशी गोड राहा. (हसू नकोस, माझा अर्ज एकदा तारीख उलटेपर्यंत टेबलावरच पडून होता.)

लेखी परीक्षेत आपली पोरं इंग्रजीत अडकतात. मी गार्ड ड्यूटीवरून आलो की रोज अर्धं पान लिहायचो, काहीही, अगदी लंगरच्या (युनिटच्या स्वयंपाकघराच्या) डाळीवरसुद्धा. आमचे सुभेदार साहेब लाल पेनने तपासायचे.

खरी गंमत एसएसबीत, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाच्या मुलाखतीत. पाच दिवस. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये निम्म्याहून जास्त पोरं माझ्यासमोर बॅगा उचलून परत गेली. मग ६० शब्द दाखवतात, प्रत्येक शब्दाला १५ सेकंद, त्यात त्यावर वाक्य लिहायचं. पाठ केलेली वाक्यं तिथल्या लोकांना लगेच कळतात. आणि जवानाची सवय आड येते ती ग्रुप टास्कला: आपण हुकमाची वाट बघत उभे राहतो. मीही पहिल्या वेळी फळी हातात धरून तसाच उभा होतो. दुसऱ्या वेळी तोंड उघडलं, तेव्हा पास झालो.

पुढे देहरादूनला तीन वर्षं कॉलेज, जेएनयूची डिग्री, मग आयएमएत (इंडियन मिलिटरी अकॅडमीत) एक वर्ष. लग्न ठरत असेल तर घरी हे चार वर्षांचं गणित आधीच सांगून टाक.