मलेशियन व्यंगचित्रकार लातच्या ‘कम्पुंग बॉय’ या आत्मकथनपर चित्रपुस्तकासारखं गावाकडचं बालपण चित्रांत काढायचंय, पण आठवणी पुसट झाल्यात. जुने फोटो जमवू का?

फोटो नंतर. आधी कामं आठवा.

‘कम्पुंग बॉय’ला (१९७९) ‘गोड, निरागस’ म्हणून लोक मोकळे होतात, त्याचा मला मनापासून राग येतो. मलेशियातल्या पेराक राज्यामधलं ते गाव कथिलाच्या खाणीला लागून आहे आणि लातला तिथलं प्रत्येक काम कसं चालतं ते ठाऊक आहे. पुस्तकातला मुलगा, मात, मित्रांबरोबर खाणीच्या हद्दीत शिरतो, तो भाग उघडून बघा. ड्रेज म्हणजे स्वतःच्याच तळ्यात तरंगणारं अवाढव्य यंत्र. पुढून बादल्यांच्या साखळीने माती उपसायची, धुऊन खनिज काढायचं, उरलेला गाळ मागे टाकायचा. त्या गाळात थोडं खनिज निसटतंच. पोरं तो दुलांगमध्ये, म्हणजे उथळ लाकडी परातीत, घेऊन पाण्यात गोल फिरवतात. वाळूची घनता २.६५, कथिलाच्या खनिजाची ७ च्या आसपास. त्यामुळे वाळू काठावरून निघून जाते आणि काळे जड कण मधल्या खळग्यात बसतात. हिसका जास्त बसला की तेही गेले. हे सगळं बेकायदा. मात शाबासकीच्या आशेने खनिज घरी नेतो आणि अभ्यास सोडून हे उद्योग केले म्हणून शिक्षा खातो. या प्रसंगाला हळवेपणाची गरजच पडत नाही.

तुम्हीही एकच काम धरा. त्याचे पाच-सहा टप्पे लिहा: हात कुठे, भार कुठल्या पायावर, पाणी कुठून येतं. अडलं तर ते काम परत करून बघा, हातांना बरंच आठवतं. जुन्या फोटोंत माणसं धुतलेले कपडे घालून ताठ उभी असतात, कामाचा फोटो सहसा कुणी काढत नसे. छपराचा उतार, खिडकीची जागा एवढ्यापुरते फोटो बघा.

काढायचं छपाईच्या दीडपट आकारात. ०.३ मिमीची रेघ छापताना ०.२ होते. छायेच्या रेघा दाट मारल्या तर मधली जागा बुजून काळा डाग उरतो. मजकूर लातसारखा हातानेच लिहा. आणि ‘रंगांशिवाय कोण घेणार’ म्हणणाऱ्यांना लातची काळी-पांढरी पानं दाखवा. फक्त लहान मुलांसाठीच पुस्तक करणार असाल, तर रंगांचं प्रकाशकाशी आधी बोलून घ्या.

सवंगडी हयात असतील तर नावं बदला. चोरूनमारून केलेले उद्योग काढताना घर ओळखू येईल अशी खूणही ठेवू नका.