झोपेत लाथा मारणं आणि मेंदूचं नेटवर्क

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमचे मिस्टर ६३ वर्षांचे, रिटायर झालेत, स्वभावाने एकदम शांत. पण दोनेक वर्षांपासून पहाटे झोपेत ओरडतात, शिव्या देतात, लाथा मारतात, परवा तर माझ्या डोळ्यापाशी ठोसा बसला. हलवून उठवलं की सांगतात कुत्रा अंगावर आला होता, त्याला हाणत होतो. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. पुतण्याने नेटवर वाचलं की अशा लोकांच्या मेंदूचं नेटवर्क बदललेलं असतं आणि पुढे पार्किन्सन होतो. एमआरआय केला तर कळेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी डोळा दाखवून घ्या. आणि आजपासून वेगळ्या कॉटवर झोपा, त्यात वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा कॉट बुटका असू दे, खाली गादी टाका, उशाशी काचेचं, टोकदार काही नको.

बाहेरचं वगैरे काही नाही हो. स्वप्नं पडतात त्या आरईएम झोपेत आपलं शरीर सैल पडलेलं असतं, कारण मेंदूच्या देठातल्या काही पेशी मणक्याकडे निरोप पाठवून स्नायू बंद ठेवतात, आणि या पेशी बिघडल्या की स्वप्नात जे चाललंय ते हातपाय खरोखर करायला लागतात. या आजाराला आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात. ही झोप उत्तररात्री जास्त असते म्हणून पहाटेचा प्रकार. १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी हा आजार पेशंटमध्ये नीट मांडला, त्याआधी फ्रान्समध्ये जूवे या संशोधकांनी मांजरांच्या मेंदूचा तो भाग निकामी केला तर मांजरं झोपेतच हल्ला केल्यासारखी वागायला लागली होती. दिवसा शांत असलेला माणूस रात्री मारामारी करतो हेही या आजारात नेहमीचंच, तो त्यांच्या मनातला राग नाही, हे तुम्हीही मनातून काढून टाका.

आता नेटवर्क. माणूस मशीनमध्ये नुसता पडून असतानाही मेंदूतल्या ठरावीक जागांचं काम एकत्र कमीजास्त होत असतं, भजनात टाळकरी एका ठेक्यात असतात तसं, आणि अशा एकत्र चालणाऱ्या जागांना नेटवर्क म्हणतात. हालचाल सांभाळणाऱ्या बेसल गँग्लियाच्या नेटवर्कमधला हा ठेका पार्किन्सनमध्ये ढिला पडतो. ऑक्सफर्डच्या टीमला २०१६ मध्ये दिसलं की झोपेचा हा आजार असलेल्या, पण पार्किन्सन नसलेल्या लोकांमध्येही तो जवळपास तितकाच ढिला आहे. मेंदू साखर कुठे किती वापरतो ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्येसुद्धा अशा लोकांत पार्किन्सनसारखा पॅटर्न सापडलाय. म्हणजे हात थरथरायच्या कितीतरी आधी आत बदल सुरू झालेला असतो.

पुतण्याने वाचलं ते चूक नाही, पण हे सगळं गटाच्या सरासरीवरून निघालेलं आहे. एकट्या माणसाचा स्कॅन काढून "यांचं नेटवर्क बिघडलंय" असा रिपोर्ट रोजच्या प्रॅक्टिसमध्ये कोणी देत नाही, आणि साधा एमआरआय या आजारात बऱ्याचदा नॉर्मलच येतो. मेंदूच्या देठाला दुसरी इजा नाही ना हे बघायला डॉक्टरांनी सांगितला तर जरूर करा, नेटवर्क बघायला म्हणून पैसे घालू नका.

पैसे घालायचेच तर व्हिडिओसकट रात्रभराच्या स्लीप स्टडीवर घाला, स्नायूंचं रेकॉर्डिंग असलेली हवी, नुसता श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी घरची टेस्ट पुरत नाही. घोरताना श्वास अडकणाऱ्या काही लोकांतही हुबेहूब असंच दिसतं, त्यांचा इलाज वेगळा. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टला दाखवा. वास कमी येतो का, बद्धकोष्ठ आहे का, उठल्यावर चक्कर येते का, अक्षर बारीक झालंय का, हेही सांगा.

पार्किन्सनचं विचारलंत, तर लपवत नाही. २०१९ मध्ये २४ सेंटरमधल्या १२८० पेशंटचा अभ्यास आला, त्यात दरवर्षी साधारण ६ टक्के लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा डिमेन्शिया (स्मृती-बुद्धी ढासळण्याचा आजार) झाला, १२ वर्षांत जवळपास ७३ टक्के. आकडा मोठा आहे. पण ते सगळे स्लीप स्टडीने पक्कं झालेले पेशंट होते, तुमच्याकडे अजून निदानच झालेलं नाही, आणि काहीजण वर्षानुवर्षं नीट राहतात. मेलाटोनिन किंवा कमी डोसचं क्लोनाझेपाम याने झटापट बरीच कमी होते (घोरणाऱ्यांना, तोल जाणाऱ्यांना क्लोनाझेपाम जपून). पुढचा आजार थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध आज नाही, रोज दमसास लागेल असं चालणं मात्र मी सगळ्यांना सांगते.

प्रश्न : बाबांना डिप्रेशनची गोळी सुरू झाल्यापासून ते झोपेत हात झाडतात. बंद करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वतःहून अजिबात नको. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी हा त्रास सुरू होतो किंवा वाढतो, पण अचानक बंद केल्या तर भलताच त्रास होऊ शकतो. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच याच आठवड्यात फोन करा, गोळी बदलायची का ते त्यांना ठरवू दे.